तुमच्या खांद्यावरचं दुपटं

अहो, मागावर अर्धं राहिलेलं दुपटं कापून टाका, असं तुमच्या तेराव्याच्या आत मला तिघांनी सांगून झालं. शेजारच्या बाईंनी हळू आवाजात सांगितलं, तुमच्या धाकट्या भावानं मान खाली घालून सांगितलं आणि जावयांनी तर हातात कात्रीच घेतली होती. बिचाऱ्यांना वाटलं, सासूबाईंच्या हातून व्हायचं नाही, आपण मदत करावी. गेलेल्या माणसाचं अर्धवट काम घरात ठेवू नये म्हणे. मी म्हटलं, मग मलाही कापा, त्यांनी अर्धवट सोडलेलं सगळ्यात मोठं काम मीच आहे. जावई कात्री जागेवर ठेवून चहा प्यायला गेले.

तुम्ही कसे गेलात, कुठं पडलात, डॉक्टर काय म्हणाले, हे लोकांनी एकमेकांना इतक्या वेळा सांगितलंय की आता त्यात माझं असं काही उरलेलं नाही. ते मी लिहीत नाही. मला तुमच्याशी या दुपट्याबद्दल बोलायचं आहे, कारण आपलं भांडण मध्येच राहिलं आणि तुम्ही उठून गेलात. भांडण अर्धं टाकून फिरायला जायची तुमची सवय जुनीच. पण तेव्हा तुम्ही तासाभरानं परत यायचात, येताना कोथिंबिरीची जुडी आणायचात, आणि भांडण जिथं राहिलं असेल तिथून मी पुन्हा सुरू करायचे. या वेळी मी किती दिवस दाराकडं बघत बसले ते सांगत नाही. तुम्हाला उगाच बरं वाटेल.

हे खूळ आपल्या स्वातीला मुलगी झाली तेव्हाचं. पुण्याला जायच्या आधी आपण बाळाचं काहीबाही घ्यायला दुकानात गेलो, तर तुम्ही एकेक दुपटं उचलून गालाला लावून बघायला लागलात. दुकानातली पोरगी म्हणाली, "काका, बाळासाठी पाहिजे का तुमच्यासाठी?" तुम्ही अगदी गंभीरपणे तिला म्हणालात, "हे घसरतंय. लेकराच्या अंगावर राहायचं नाय." आणि काही न घेता बाहेर आलात. रिक्षात बसल्यावर जाहीर केलंत, मी विणतो. वाळूजच्या कंपनीत जन्मभर फिटर म्हणून काढलेला माणूस तुम्ही. घरातल्या नळाचा वॉशर बदलायचा तर मला तीनतीनदा सांगावं लागायचं. मी रिक्षावाल्यासकट हसले.

पण तुम्ही ऐकता कुणाचं? जुन्या शहरात अन्वरभाईंना शोधून काढलंत. त्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या हिमरूच्या शाली विणायचं काम, आणि एक जुना माग कोपऱ्यात नुसता उभा. अख्खा उन्हाळा तुम्ही बसनं त्यांच्याकडं जात राहिलात, घामाघूम होऊन परत येत राहिलात आणि जेवताना ताटाच्या कडेवर बोटांनी ठेके धरत राहिलात. मग एक दिवस टेम्पोतून मागच घरी आला. हर्सूलच्या आपल्या घराच्या पोर्चमध्ये तो बसला आणि स्कूटर उन्हात गेली. मी त्या दिवशी बोलले नाही तुमच्याशी. तुम्हाला ते दुसऱ्या दिवशी कळलं.

नातीचं पहिलं दुपटं एका टोकाला पंचाएवढं रुंद होतं आणि दुसऱ्या टोकाला हातरुमालाएवढं. स्वाती हसून हसून बेजार झाली. पण ती पोरगी आता शाळेत जाते आणि तेच दुपटं हातात घेतल्याशिवाय झोपत नाही. त्यानंतर आपल्या ओळखीतलं एक बाळ तुम्ही सोडलं नाहीत. भाजीवालीची नात, दूधवाल्याचा मुलगा, वरच्या गल्लीतल्या सरांची जुळी. लोक फाटकापाशी थांबून नुसतं म्हणायचे, "काका, पाहुणा आला बरं का," आणि तुम्ही लगेच चप्पल काढून मागावर बसायचात. बाळाच्या आईचं नाव काय, मुलगा की मुलगी, हे तुम्ही नंतर विचारायचात. दुपट्याला त्याची गरज नसते, असं तुमचं म्हणणं.

कामाची वाटणी तुम्हीच करून टाकलीत. मी कांड्या भरायच्या, तुम्ही विणायचं. कांडी म्हणजे ती बोटभर नळी, सूत गुंडाळून धोट्यात बसवायची. माझ्या पिकोच्या जुन्या मशीनची मोटर काढून तुम्ही मला कांड्या भरायचं यंत्र करून दिलंत, त्याचं कौतुक मी चार बायकांत केलं, तुमच्यासमोर केलं नाही. पण मागावर मला कधी बसू दिलं नाहीत. एका दुपट्याला एकच हात लागला पाहिजे, हा तुमचा हट्ट. दोन माणसांचा ठोका सारखा पडत नाही, कापड कुठं घट्ट होतं, कुठं सैल, बाळाच्या अंगाला ते कळतं, असं म्हणायचात. मी म्हणायचे, बरं. "बरं" असं मी कधी म्हणते ते तुम्हाला चांगलं माहीत होतं.

आणि पट्टे! मी साड्यांना फॉल लावण्यात, पिको करण्यात आयुष्य घालवलेली बाई. मला रेघ सरळ लागते, अंतर सारखं लागतं. तुमच्या दुपट्यात एक निळा पट्टा चार बोटं, दुसरा अडीच, पांढरा तिसराच काहीतरी. मी दर वेळी विचारायचे, "कंपनीत केसाएवढा फरक पडला तर पार्ट फेकून देत होता ना तुम्ही? मग इथं काय झालं?" तुम्ही हसून म्हणायचात, "माल येतो तसा विणतो मी." मला वाटायचं, तुम्ही अन्वरभाईंच्या सुताला नावं ठेवताय. त्या बिचाऱ्यांना मी एकदा विचारूनही आले, सूत असं कमीजास्त का येतं म्हणून. ते माझ्याकडं बघतच राहिले.

पण हे काही आपलं खरं भांडण नव्हे. खरं भांडण तुमच्या खांद्यावर होतं.

आपल्याकडं तान्ह्या बाळाला कोरं कापड घालत नाहीत, हे मला तुम्ही शिकवायची गरज नव्हती. माझ्या माहेरीसुद्धा पहिली झबली-टोपडी कुणाच्या तरी जुन्या, धुऊन मऊ झालेल्या धोतराची नाहीतर लुगड्याची शिवायचे. ज्यानं कापड वापरलं त्याचं वय बाळाला लागतं म्हणायचे. तुमच्यापुढं मात्र पेच पडला. दुपटं तर मागावरून आत्ता उतरलेलं, करकरीत कोरं. ते जुनं कसं करायचं? तर आठवडाभर स्वतःच्या खांद्यावर टाकून हिंडायचं, हा तुमचा उपाय. सकाळी तलावावर फिरायला जाताना खांद्यावर गुलाबी-पांढरं एवढंसं दुपटं. दळण आणायला जाताना तेच. दाढी करायला जाताना न्हाव्याला सांगायचात, यावर केस पडू देऊ नको, हे दुसऱ्याचं आहे.

वैजापूरच्या लग्नात तर कहर झाला. सफारी घातलेला, केस काळे केलेला माणूस आणि खांद्यावर पिवळ्या चौकड्यांचं बाळाचं दुपटं. मुलीच्या मामांना वाटलं, मांडवात कुणीतरी तुमचा आधीच आहेर करून टाकला आणि आपण मागं राहिलो. त्यांनी घाईघाईनं आणखी एक टॉवेल आणि टोपी आणून तुम्हाला मानानं पुढं बसवलं. एका खांद्यावर टॉवेल, दुसऱ्यावर दुपटं, डोक्यावर टोपी, आणि तुम्ही हात जोडून सगळ्यांचे नमस्कार घेताय. मी बायकांच्या पंगतीत बसून पदर तोंडात कोंबला होता. तुमचं लक्ष माझ्याकडं गेलं आणि तुम्ही डोळा मारलात. त्या वयात, त्या टोपीत.

मला ते सगळं पटायचं नाही. मी म्हणायचे, दोनदा गरम पाण्यात काढलं की सुताची खळ जाते, कापड मऊ होतं, इस्त्री करून द्या, झालं. तुमचा घाम, रस्त्यावरची धूळ बाळाच्या नाकातोंडात कशाला? तुम्ही म्हणायचात, कापडाला आधी माणूस कळला पाहिजे. मी म्हणायचे, कापडाला काय कळतं? तुम्ही म्हणायचात, तुला जेवढं कळतं तेवढं. मग मी कांड्या भरायचे नाही दोन दिवस. शेवटी आपला तह ठरला तो असा, की तुम्ही वापरायचं, मग मी उकळत्या पाण्यातून काढायचं, मग द्यायचं. तुम्हाला वाटायचं मी तुमचं सगळं काम धुऊन टाकते. तसं तोंडावर म्हणालाही होतात. आणि तुम्ही गेलात त्या सकाळी आपण त्याच्यावरच भांडत होतो.

अमोलच्या बायकोला, प्रज्ञाला, दिवस गेलेले होते. गंगापूरच्या घरातलं या पिढीतलं पहिलं बाळ, तुमच्या धाकट्या भावाचं नातवंड. तुम्ही आधीच दुपटं मागावर घेतलंत. मी म्हटलं, जन्माच्या आधी बाळाचं काही करून ठेवू नये. तुम्ही म्हणालात, "करून ठेवत नाय, करायला घेतोय." मी म्हटलं, निदान हे तरी खांद्यावर टाकून हिंडू नका, हल्ली डॉक्टर किती जपायला सांगतात. तुम्ही बूट बांधत होता. "आल्यावर बोलू," म्हणालात. हे तुमचं नेहमीचंच होतं, म्हणून मी वरही बघितलं नाही. मी मेथी निवडत होते.

आणि मग तुमचं सुतक चालू असतानाच ते बाळ आलं, वेळेच्या कितीतरी आधी. घरात सुतक आणि सोयर एकत्र. कोणी पेढे वाटेना, कोणी मोठ्यानं रडेना. बाळाला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेलं. तुमच्या भावाला कुठल्या गोष्टीला कसं तोंड द्यावं ते कळेना; इथं यायचे, तुमच्या फोटोपुढं बसायचे, मग उठून दवाखान्यात जायचे. मी तेव्हाच ठरवलं की हे दुपटं होणार. तुमच्यासाठी म्हणून नव्हे. त्या पोरासाठी. त्याच्या वाट्याला आल्या आल्या एवढं सगळं आलं होतं, निदान त्याचं म्हणून जे मागावर होतं ते तरी त्याला मिळायला पाहिजे होतं.

सुमनचा फोन आला. माझी धाकटी जाऊ, प्रज्ञाची सासू, कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे, मनात काही ठेवत नाही आणि कुणाला दुखवतही नाही. म्हणाली, "ताई, ते दादांचं दुपटं... राहू द्या आता. पोरगं घरी येऊ द्या आधी." मी म्हटलं, बरं. सुमनला माझं "बरं" कळत नाही, ते एक चांगलं आहे.

अन्वरभाई भेटायला आले होते. पोर्चमध्ये थांबले, मागाकडं बघितलं, सूत ठोकून बसवायच्या फणीवर हात ठेवला. म्हणाले, "भाबी, आप बोलो तो मैं एक बैठक में पूरा कर देता. भाईसाब के वास्ते इत्ता तो कर सकता मैं." माणूस मनापासून बोलत होता. त्यांनी केलं असतं तर ते दुपटं किती सुरेख झालं असतं, कोणाला जोडसुद्धा दिसला नसता. मी नाही म्हटलं. तुमचा तो एका हाताचा नियम मोडायचाच होता, तर तो मीच मोडणार होते. तेवढा हक्क माझा होता. ते हसले, म्हणाले, "फिर चप्पल निकाल के बैठो. पाँव को लकडी समझ में आना होना." आणि जाताना उभ्या सुताचा ढिला पडलेला ताणा ओढून घट्ट करून गेले.

अहो, किती कठीण आहे ते! तुम्ही बसायचात तेव्हा वाटायचं, काय नुसतं पाय हलवायचे आणि धोटा इकडून तिकडं. माझा धोटा पहिल्या दिवशी तीनदा खाली पडून पार कुंड्यांपर्यंत गेला. पायाखालच्या पावड्या दाबाव्यात तर उजवी की डावी हेच विसरायला होतं. उभं सूत तुटलं की त्याचं टोक शोधण्यात सकाळ जायची. आणि ठोका! मी राग आल्यासारखी फणी ओढत होते, कारण मला खरंच राग आला होता. तुमचा भाग हाताला सायीसारखा लागायचा आणि माझा तरटासारखा. जिथं तुम्ही संपलात आणि मी सुरू झाले, ती जागा आंधळ्यालाही बोटांनी सापडली असती. मी दोनदा उसवलं, तिसऱ्यांदा म्हटलं, राहू दे. दोन माणसं होती, दोन दिसू देत.

सूत वापरत होते ते टोपलीतल्याच कांड्यांचं. तुमच्यासाठी मी भरून ठेवलेल्या, तुम्ही न वापरलेल्या. निळी कांडी संपली तेव्हा मी पट्टा बोटांनी मोजला, तर तुमच्या शेवटच्या निळ्या पट्ट्यापेक्षा कमी भरला. वाटलं, माझा ठोका कडक म्हणून असेल. मग पांढरी घेतली, ती संपता संपेना. पट्टा वाढतच चालला. मी धोटा हातात धरून तशीच बसले. मग तुमच्या भागावरून बोट फिरवत मागं मागं गेले. प्रत्येक पट्टा जिथं संपतो तिथं काठाशी सुताचं टोक आत दुमडलेलं. एकदाही तुम्ही कांडी मध्येच तोडलेली नव्हती. कांडी संपली की रंग बदलायचा, एवढीच तुमची रीत. म्हणजे पट्टा किती रुंद व्हायचा ते तुम्ही कधी ठरवलंच नाहीत. ते मी ठरवत होते, आत कांड्या भरायच्या यंत्राशी बसून, माझ्याच नकळत.

आणि मी कांड्या कशा भरायचे, ते मला तिथं बसल्या बसल्या आठवत गेलं. तुमच्यावर चिडलेली असले की दोनचार वेढे देऊन अर्धवट कांडी टोपलीत टाकायचे. स्वातीचा फोन चालू असला की बोलता बोलता भरतच राहायचे, ती एवढी फुगायची की तुम्हाला धोट्यात दाबून बसवावी लागायची. हा बारका निळा पट्टा, तुम्ही न सांगता दोघा मित्रांना जेवायला घेऊन आलात त्या दिवसाचा असणार. त्याच्या पुढचा रुंद पांढरा, नातीनं फोनवर शाळेतली कविता म्हणून दाखवली तेव्हाचा. माल येतो तसा विणतो मी! आणि मी जाऊन त्या अन्वरभाईंना जाब विचारून आले.

मला आधी संताप आला. एवढी वर्षं तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत. एका दुपट्याला एकच हात म्हणायचात आणि प्रत्येक दुपट्यात माझा हात घालून ठेवत होता. मग कळलं की का सांगितलं नाहीत. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्या कांड्या अगदी मापून सारख्या भरल्या असत्या. तुम्हाला ते नको होतं. तुम्हाला पट्टे लहानमोठे हवे होते. मी फणीवर डोकं टेकून खूप रडले, तुम्ही गेल्याच्या दिवशी रडले नव्हते तेवढी. आणि रडता रडता म्हटलं, थँक्यू. तुम्हाला कधी म्हटलं नव्हतं. आपल्यात ती पद्धतच नव्हती. आणखी एक गोष्ट आपण कधी बोललो नाही. तुम्ही मला मागावर बस म्हणाला नाहीत, आणि मला बसायचं आहे असं मीही म्हणाले नाही. दोघंही एकमेकांची वाट बघत राहिलो. चूक निम्मी निम्मी, यावर तरी वाद घालू नका.

दुपटं उतरलं. आता ते जुनं कोण करणार?

इस्त्री करून नेऊन द्यायचं, हे माझं मत होतं ना? मग मी ते गरम पाण्याच्या बादलीपर्यंत नेलंही. आणि थांबले. त्याला अजून कोणाचाच वास नव्हता, नुसता सुताचा होता. तुमचं म्हणणं मला पटलं असं समजू नका. पण तुम्ही नसताना तुमच्याशी भांडण जिंकण्यात काही मजा नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते खांद्यावर टाकलं आणि तलावावर गेले.

लोकांनी बघितलं. नवरा जाऊन दोन महिने झाले नाहीत, कपाळ मोकळं आणि खांद्यावर निळ्या पट्ट्यांचं दुपटं. तुमचे ते फिरायला येणारे मित्र बाकावर बसलेले असतात, त्यांच्यातले एक उठून उभेच राहिले. मी मान ताठ ठेवून पूर्ण चक्कर मारली, मग दळणाला गेले, मग बँकेत. तुम्ही एवढी वर्षं हे कसं करत होता? मला तर पहिल्या दिवशी त्या एवढ्याशा कापडाचं ओझं झालं होतं. तिसऱ्या दिवशी विसरून गेले की ते खांद्यावर आहे. तेव्हा ते मऊ व्हायला लागलं.

बाळ गंगापूरला घरी आल्याचं कळलं, तशी मी एसटीनं निघाले. सुमन चुलीपाशी डिंक तळत होती, प्रज्ञासाठी लाडू करायला. मला बघून उठली, पाणी दिलं. तिची नजर माझ्या खांद्यावर.

"आणलंत व्हय," ती म्हणाली.

"आणलं."

"द्या, कपाटात ठिवते. मोठा झाला की पांघरील."

"मोठा झाल्यावर पांघरलं तर गुडघे बाहेर येतील त्याचे."

ती हसली नाही. झारा हातातच होता. "ताई, राग नका धरू. लेकरू लई नाजूक हाय. त्या काचंच्या पेटीत बघितलंय मी त्याला, एवढाल्या नळ्या लावलेल्या. आता मला कशाचंबी भ्या वाटतं. दादा असे गेले... त्यांच्या हातचं शेवटचं..."

"अर्धं त्यांच्या हातचं, अर्धं माझ्या. आणि सूत पहिल्या पट्ट्यापासून माझ्याच हातचं."

"मग वापरलं कुणी?"

"मी."

तिनं झारा खाली ठेवला. तिच्या मनात काय होतं ते मला दिसत होतं, आणि ती ते मेली तरी बोलणार नव्हती, एवढी चांगली आहे ती. म्हणून मीच बोलले. म्हटलं, "सुमन, माझा नवरा गेला हे मला रोज सकाळी उठल्याबरोबर आठवतं, तू आठवण करून द्यायला नको. पण वय लागतं ते जगणाऱ्या माणसाचं ना? मी जगतेय. साठी उलटली, तलावाला चालत चक्कर मारते, या वयात मागावर बसायला शिकले. यातलं काय त्या पोराला लागू नये असं तुला वाटतं, तेवढं सांग. मी दुपटं परत घेऊन जाते."

डिंक करपल्याचा वास आला. दोघींनाही हलायचं सुचलं नाही. प्रज्ञा बाळाला घेऊन दारात आली होती, केव्हा आली कोणास ठाऊक. तिचं तोंड अजून उतरलेलं होतं. ती सासूला एवढंच म्हणाली, "आई, हातात घेऊन तर बघा."

सुमननं हात पदराला पुसले. दुपटं घेतलं, उलगडलं, अंगठ्यानं चाचपत एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडं आली. मध्ये थांबली. "हितपर्यंत दादांचं," म्हणाली. "हितून तुमचं."

"कशावरून?"

"तुमचं लई घट्ट हाय, ताई. जल्मात तुम्ही कवा काय सैल धरलंय?"

प्रज्ञा फिस्सकन हसली. मग मीही. सुमन हसत नव्हती, तिचे डोळे भरून आले होते. ती दुपट्याची माझी बाजू दोन्ही हातांनी चुरत राहिली, भाकरीचं पीठ मळावं तशी. "हे असं कसं घालावं लेकराला?" ती म्हणाली. "टोचंल त्याला. अजून वापराया पाहिजे." आणि तिनं ते उचलून पदरावरून स्वतःच्या खांद्यावर टाकलं. "ऱ्हाऊ द्या माझ्यापाशी. थोडे दिस मी वापरते." तसंच खांद्यावर ठेवून ती चुलीकडं वळली आणि करपलेला डिंक बाजूला काढायला लागली. मला तिथं, परातीपाशी, पाटावर बसून जे रडू आलं ते मी आवरलं नाही.

इथं आल्यावर मी मागावर नवा ताणा लावून घेतला आहे. भाजीवालीच्या सुनेला सातवा आहे. अन्वरभाई येऊन गाठी मारून गेले आणि स्कूटर अजूनही उन्हातच आहे. ती विकून टाका असं परवा शेजारच्या बाईंनी सांगितलं. मी म्हटलं, बरं.

काल संध्याकाळी सुमनचा फोन आला. म्हणाली, धारा काढताना, कापूस वेचताना, सगळीकडं खांद्यावर होतं, गावातल्या बायका हसतात. "आज घातलं त्याला, ताई."

"टोचत नाही ना?"

"आधी रडला. मग जे झोपलाय ते उठंना. दूध पाजायची वेळ झाली, प्रज्ञा म्हणती उठवू का. मी म्हटलं, झोपू दे गं."

मी फोन ठेवला आणि मला भूक लागली. अहो, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच, खरीखुरी भूक. पीठ मळलं, तवा तापवला. सवयीनं हात दोघांच्या अंदाजानंच पिठात गेला होता, भाकऱ्या दोघांच्या झाल्या. मी ताट वाढून घेतलं आणि बसून, सावकाश, सगळ्या एकटीनं खाल्ल्या.